कोणत्या विंडोजवर कोणते फोटोशॉप : नव्या स्टुडिओचालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सांगली, मिरज, विटा किंवा कराडसारख्या गावात नवा फोटो स्टुडिओ टाकणारा माणूस कॅमेऱ्याची चौकशी महिनोन्‌महिने करतो, दहा जणांना विचारतो, पुण्या-कोल्हापूरला जाऊन लेन्स हाताळून येतो. संगणकाचा विषय निघाला की मात्र सगळा भार ओळखीच्या सर्व्हिसवाल्यावर टाकून मोकळा होतो. तो येतो, ‘विंडोज मारून देतो, फोटोशॉप टाकून देतो’ म्हणतो आणि काम उरकून जातो. विंडोज कोणती, ती ३२ बिटची की ६४ बिटची, फोटोशॉपची आवृत्ती कोणती आणि तीच का, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. त्याची किंमत ऐन लग्नसराईत मोजावी लागते, कारण अल्बमची शीट उघडताना संगणक अडतो, जुने फॉन्ट उडालेले असतात किंवा नव्या कॅमेऱ्याचे फोटो उघडतच नाहीत.

सांगलीत अल्बमचे डिझायनिंग करताना आणि आसपासच्या स्टुडिओंचे संगणक लावून देताना या अडचणी पुन्हा पुन्हा समोर आल्या, म्हणून हे टिपण क्रमवार लिहिले आहे. विंडोज आणि फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर ही जोडी असते. ती तुमच्या कामाकडे पाहून ठरवावी, आणि बदलायची वेळ आली तर दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत. पुढच्या सर्व पायऱ्या या एका सूत्रावर उभ्या आहेत.

१. आधी संगणकाची नोंद करा

एक वही घ्या. वहीच घ्या, कारण त्याच संगणकात केलेली नोंद संगणक बंद पडल्यावर उपयोगी पडत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली अबाउट उघडा. विंडोज ७ असेल तर डेस्कटॉपवरील कॉम्प्युटरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. तेथे विंडोजची आवृत्ती, प्रोसेसरचे नाव, रॅम आणि सिस्टिम ३२ बिटची आहे की ६४ बिटची, या चार गोष्टी दिसतात. त्या चारही वहीत उतरवा.

यांतली शेवटची नोंद बहुतेकांकडून सुटते आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ३२ बिट विंडोज साधारण ४ जीबीपर्यंतचीच रॅम ओळखते आणि त्यातली सगळी प्रत्यक्ष कामाला येत नाही. शिवाय एका सॉफ्टवेअरच्या वाट्याला सामान्यतः २ जीबीच येते. म्हणजे दुकानदाराने ८ जीबी रॅम बसवून दिली आणि आत विंडोज ३२ बिटचीच राहिली, तर वरच्या रॅमचे पैसे वाया गेले असे समजा. ३२ बिटवरून ६४ बिटवर नुसते अपडेट करून जाता येत नाही, विंडोज नव्यानेच टाकावी लागते.

त्याच पानावर डिस्क साधी हार्ड डिस्क आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क), सी ड्राइव्हमध्ये किती जागा मोकळी आहे आणि ग्राफिक कार्ड वेगळे आहे की नाही, हेही लिहून ठेवा.

२. काम कोणते, ते आकड्यांत मांडा

‘फोटो एडिटिंग करायचे आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पासपोर्टचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो आणि उघडल्यावर मेमरीत एक एमबीसुद्धा घेत नाही. आता लग्नाच्या अल्बमची १२ बाय ३६ इंचाची शीट घ्या. त्याच हिशेबाने ती ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलची, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेलची होते. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट लागतात, म्हणून एकच भरलेली लेअर (चित्राचा एक थर) सुमारे १११ एमबी खाते. पार्श्वभूमी, नवरानवरीचे मोठे फोटो, त्यांवरची फुले, सावल्या आणि चौकटी मिळून दहा-बारा पूर्ण लेअर झाल्या की फाइल सव्वा जीबीच्या घरात जाते. मागे जाण्यासाठी फोटोशॉप जपून ठेवते तो हिस्टरीचा साठा वेगळाच.

यावरून निर्णय सोपा होतो. स्टुडिओत फक्त पासपोर्ट, सत्काराचे फोटो आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती एवढेच काम असेल, तर ४ जीबी रॅमचा जुना संगणक आणि जुने सॉफ्टवेअर पुष्कळ झाले. तेथे नव्या यंत्रावर पैसे घालण्याचे कारण नाही. अल्बम किंवा मोठे फ्लेक्स करायचे असतील तर मात्र ६४ बिट विंडोज, १६ जीबी रॅम आणि एसएसडी यांच्याखाली जाऊ नका. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी प्रकारच्या फाइलला २ जीबी आकाराची आणि कोणत्याही बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा असते, हेही लक्षात असू द्या. त्यापुढच्या कामासाठी पीएसबी प्रकारात सेव्ह करावे लागते.

३. विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर काय चालते

विंडोज एक्सपी : मायक्रोसॉफ्टने तिचा आधार (सुरक्षा अपडेट देणे) ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. फोटोशॉप ७ पासून सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्यावर चालतात. असा संगणक हाती असेल तर त्याला इंटरनेट जोडू नका आणि जुन्या फाइली उघडण्यापुरताच तो ठेवा.

विंडोज ७ : हिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. आपल्या भागातील कितीतरी स्टुडिओंत ती आजही सुरू आहे, आणि सीएस६ बरोबर ती चांगली चालते हे खरेच आहे. अडचण आजूबाजूच्या गोष्टींची येते. क्रोम ब्राउझरची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे, नवीन प्रिंटरचे ड्रायव्हर (यंत्राची विंडोजशी गाठ घालून देणारे सॉफ्टवेअर) मिळत नाहीत आणि नव्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर पहिल्याच खिडकीत नकार देतो. अल्बम छापणाऱ्या लॅबला फाइली ऑनलाइन पाठवायच्या असतील तर हा संगणक मुख्य कामासाठी धरू नये.

विंडोज ८.१ : तिचा आधार १० जानेवारी २०२३ रोजी संपला. तिच्यावर थांबण्याचे काहीच कारण नाही.

विंडोज १० : नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, वैयक्तिक वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. जुने आणि नवे अशा दोन्ही सॉफ्टवेअरना सांभाळून घेणारी ही आवृत्ती आहे. संगणक बरा असून विंडोज ११ घेत नसेल, तर ही नोंदणी करून मिळालेल्या मुदतीत नव्या यंत्राची तजवीज करावी.

विंडोज ११ : ही फक्त ६४ बिटमध्ये मिळते. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाच्या तपासणीची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या अटी चुकवून ती जुन्या संगणकावर बसवून देणारे पुष्कळ भेटतात. अशी बसवलेली विंडोज पुढच्या मोठ्या अपडेटला अडण्याची शक्यता राहते, आणि २०२४ मध्ये आलेली २४एच२ ही आवृत्ती कोअर टू ड्युओच्या पिढीतील प्रोसेसरवर सुरूच होत नाही. ज्या यंत्रावर पोट आहे त्यावर असले प्रयोग करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर फोटोशॉप ७ हे २००२ चे, सीएस६ हे २०१२ चे. सीएस६ ही एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती. २०१३ पासून वर्गणीची पद्धत आली. आजच्या फोटोशॉपला ६४ बिट विंडोज, किमान ८ जीबी रॅम आणि डायरेक्ट एक्स १२ चालवणारे ग्राफिक कार्ड लागते. रॅम १६ जीबी असावी असे फोटोशॉप बनवणारी ॲडोबी कंपनीच सांगते, आणि अनुभवही तोच आहे.

४. सुरुवात करण्यापूर्वी जमवायच्या वस्तू

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, विंडोज आणि फोटोशॉपचा परवाना क्रमांक किंवा खात्याचा ईमेल व पासवर्ड, खरेदीची पावती, प्रिंटर व स्कॅनरचे तुमच्या विंडोजला लागणारे ड्रायव्हर आणि चालू स्थितीतला यूपीएस एवढे हाताशी असल्याशिवाय कामाला हात घालू नका. विंडोज बसत असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि आपल्याकडची वीज विचारून जात नाही.

बाहेरच्या डिस्कवर फोटो घेताना केवळ फोटोंचे फोल्डर उचलू नका. फॉन्टचे फोल्डर, फोटोशॉपच्या ॲक्शन (नोंदवून ठेवलेल्या कृती), ब्रश, प्लगइन (वरून जोडलेली साधने) आणि लॅबने दिलेली रंगांची प्रोफाइल हेही वेगवेगळे कॉपी करा. प्रोफाइलच्या फाइली विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम३२, स्पूल, ड्रायव्हर्स, कलर या वाटेने सापडतात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, त्यामुळे फॉरमॅट करताना तेही जातात. ‘माझे सगळे डेस्कटॉपवरच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ते आधी हलवावे. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, म्हणून तो एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

बॅकअपची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलाच्या खणात असणे म्हणजे बॅकअप नसणेच होते. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पाहून सामान हलवण्याची सवय गावाला आहे. त्या सामानात डिस्क पहिली असावी, आणि एक प्रत तर कायमच वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी.

आणखी एक गोष्ट फॉरमॅटच्या आधीच करायची आहे. सीएस६ किंवा त्याआधीची सक्रियता लागणारी आवृत्ती तुमच्याकडे असेल, तर जुन्या संगणकावर हेल्प मेनूतून तिची सक्रियता काढून घ्या. परवाना ठरावीक यंत्रांपुरताच असतो. सक्रियता न काढता डिस्क पुसली तर तुमचा एक हक्क त्या पुसलेल्या यंत्रावर अडकून राहतो.

५. विंडोज बसवताना

विंडोज ११ च्या होम आवृत्तीत सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. येथे एक सापळा आहे, आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सर्व्हिसवाला घाईत स्वतःच्याच खात्याने संगणक सुरू करून देतो. नव्याने बसवलेल्या २४एच२ मध्ये अनेक संगणकांवर डिस्कचे एन्क्रिप्शन (डिस्कला सांकेतिक कुलूप) आपोआप सुरू होते आणि ते उघडण्याची ‘रिकव्हरी की’ ही किल्ली ज्याचे खाते त्याच्या खात्यात जाते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही हलले की संगणक ती किल्ली मागतो, आणि ती त्या माणसाच्या खात्यात पडलेली असते. म्हणून खाते तुमच्याच नावाने उघडा, त्याचा पासवर्ड तुम्हीच ठरवा आणि रिकव्हरी की पाहून वहीत उतरवून ठेवा.

दुसरा सापळा वनड्राइव्हचा. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हशी जोडली जातात आणि मोफत जागा ५ जीबीच असते. अल्बमच्या चार-पाच शीट डेस्कटॉपवर ठेवल्या की ती भरते, इंटरनेटचा डेटाही त्यातच जातो. वनड्राइव्हच्या सेटिंगमधून फोल्डरचा बॅकअप बंद करा आणि कामाच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये ठेवा.

विंडोज बसली की आधी तिचे अपडेट पूर्ण होऊ द्या, मग ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या आणि सर्वांत शेवटी फोटोशॉप बसवा. हा क्रम उलटला तर ग्राफिक कार्ड नीट ओळखले जात नाही आणि फोटोशॉपमधली काही साधने फिकट, बंद अवस्थेत दिसतात. मग सगळे दोष फोटोशॉपला देतात.

६. जुने फोटोशॉप नव्या विंडोजवर चालवताना

ज्यांच्याकडे रीतसर घेतलेले जुने फोटोशॉप आहे त्यांनी ते टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. कंपनी या जोडीची हमी देत नाही, तरी फोटोशॉप ७ आणि सीएस६ विंडोज १० व ११ वर बहुधा चालतात. काही ठिकाणी थोडी समजूत घालावी लागते, एवढेच.

फोटोशॉप ७ ज्या काळातले आहे त्या काळात सॉफ्टवेअर आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहीत असे. व्हिस्टापासून विंडोजने प्रोग्राम फाइल्स या फोल्डरला कुलूप लावले. त्यामुळे जुने सॉफ्टवेअर तेथे बसवले की सेटिंग जतन होत नाही किंवा ते वेगळ्याच कोपऱ्यात जाऊन बसते. साधा उपाय असा की बसवताना जागा विचारली जाते तेव्हा प्रोग्राम फाइल्सऐवजी डी ड्राइव्हमध्ये वेगळे फोल्डर करून तेथे बसवावे. तरीही कुरकुर राहिली तर फोटोशॉपच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी या भागात एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ची पद्धत निवडून पाहा. कायमचे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवू नका. तसे केले की बाहेरच्या फोल्डरमधून फोटो ओढून आत सोडता येत नाही, आणि स्टुडिओत तर ते दिवसभर करावे लागते.

सीएस६ मध्ये दोन तक्रारी नेहमीच्या आहेत. पहिली म्हणजे नव्या, बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर मेनू आणि साधने मुंगीएवढी दिसतात. त्याच कम्पॅटिबिलिटीच्या भागात हाय डीपीआय सेटिंग उघडून ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम एनहान्स्ड’ निवडले की अक्षरे वाचण्याजोगी होतात. फोटो किंचित मऊ दिसतो, ते चालवून घ्यावे लागते. दुसरी तक्रार अधिक गोंधळात टाकणारी आहे. परफॉर्मन्सची सेटिंग उघडताना ‘९६ आणि ८ यांच्यामधला पूर्णांक हवा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि खिडकी उघडत नाही. विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांवर जुन्या फोटोशॉपला रॅमचा आकडा नीट वाचता येत नाही, हे त्याचे कारण. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) करंट यूजर, सॉफ्टवेअर, ॲडोबी, फोटोशॉप, ६०.० या वाटेने जाऊन ‘ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी’ नावाची ३२ बिट डीवर्ड नोंद करावी लागते; नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, आणि किंमत डेसिमलमध्ये रॅमच्या एमबीइतकी, म्हणजे ८ जीबीला ८१९२. रजिस्ट्रीला हात लावण्याची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा, आणि त्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडल्यास मागच्या स्थितीत परतण्याची खूण) करून घ्या.

फोटोशॉप सुरू होतानाच बंद पडत असेल, तर उघडताक्षणी कंट्रोल, अल्ट आणि शिफ्ट या तिन्ही कळा दाबून धरा; जुनी सेटिंग पुसण्याची परवानगी विचारली जाते, ती द्या. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. ‘स्क्रॅच डिस्क भरली’ (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची तात्पुरती जागा संपली) असा संदेश आला तर सी ड्राइव्ह रिकामा करा, किंवा प्रेफरन्सेसमध्ये जास्त मोकळी जागा असलेला ड्राइव्ह स्क्रॅचसाठी निवडा. त्यासाठी पेनड्राइव्ह निवडणारेही मी पाहिले आहेत. तसे करू नका.

प्लगइनच्या बाबतीत नियम सरळ आहे : ३२ बिटचे प्लगइन ६४ बिट फोटोशॉपमध्ये दिसत नाहीत. ते उडालेले नसतात, दोघांची जात जुळत नसते इतकेच. सीएस६ च्या ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रती ६४ बिट विंडोजवर शेजारी शेजारी बसतात. ज्यांचे जुने प्लगइन सुटत नाही त्यांनी तेवढ्यासाठी ३२ बिटची प्रत उघडावी.

फुकटच्या क्रॅक (परवाना तोडलेल्या) प्रतींविषयी एकच सांगतो. त्या बसवताना सर्वांत आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. ज्या यंत्रात दुसऱ्यांच्या लग्नाचे एकमेव फोटो आहेत त्यावर असे करणे शहाणपणाचे नाही. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेने आत येतात.

७. मराठी अक्षरांचा प्रश्न

फोटो ठीक दिसतात, पण शीटवरचे नाव बिघडते, आणि ग्राहकाची नजर सर्वांत आधी नावावर जाते. म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

मराठी फॉन्ट दोन जातींचे आहेत. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव या घराण्यांतले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. ते फोटोशॉपच्या कोणत्याही आवृत्तीत चालतात, कारण फोटोशॉपला ती इंग्रजीच वाटतात. फॉन्ट नसेल त्या यंत्रावर मात्र ‘शुभविवाह’ ऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. दुसरी जात युनिकोडची, म्हणजे मंगल, कोकिळा, निर्मला किंवा गुगलचे देवनागरी फॉन्ट. व्हॉट्सॲपवर ग्राहक पाठवतो तो मजकूर याच जातीचा असतो.

हा मजकूर फोटोशॉप ७ मध्ये चिकटवला की ‘चि.’ मधली वेलांटी च च्या मागे जाऊन बसते, ‘प्र’ चे प् आणि र असे दोन तुकडे होतात आणि ‘साताऱ्याचे’ मधला अर्धा र बाजूला पडतो. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही, कारण जुन्या फोटोशॉपला देवनागरीची जोडणीच येत नाही. वर्गणीच्या अनेक आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय आहे. तो निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, नवी फाइल घ्या आणि मग मराठी लिहा. आधी तयार असलेल्या लेअरला परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड रेडी हा पर्याय वेगळा लावावा लागतो. अनेक जण येथेच अडतात आणि ‘निवडले तरी होत नाही’ म्हणून सोडून देतात.

जुन्या फोटोशॉपवरच राहायचे असेल, तर जुन्या जातीचा फॉन्ट वापरा किंवा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरने त्या जातीत बदलून घ्या. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालाच, विशेषतः रफार आणि जोडाक्षरे. फॉन्टचे सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्यासाठी यूएसबीला लावायच्या लहान यंत्रावर) चालणारे असेल, तर ६४ बिट विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे विंडोज बदलण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारा.

विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली. मंगल, कोकिळा, उत्साह आणि अपराजिता हे फॉन्ट आता आपोआप येत नाहीत. जुनी पीएसडी उघडल्यावर फॉन्ट सापडत नसल्याचा इशारा येतो, आणि त्यावर ‘बदला’ म्हटले की सगळ्या नावांचे माप बिघडते. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स उघडून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स जोडा, मगच फाइल उघडा.

फ्लेक्सचे काम करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. ‘ॲड.’ मधले ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन उमटतो, आणि वकीलसाहेबांच्या अभिनंदनाच्या फलकावर तो चौकोन दहा फुटांचा होतो.

८. नव्या कॅमेऱ्याच्या आणि मोबाइलच्या फाइली

कॅनॉनच्या २०१८ पासूनच्या कॅमेऱ्यांत सीआर३ प्रकारची रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) येऊ लागली. सीएस६ ती उघडत नाही. त्यासाठी फोटोशॉप बदलावे लागत नाही; रॉ फाइल डीएनजी या प्रकारात बदलणारा ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो. तो नव्या विंडोजवर बसवा, त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कॅमेरा रॉ ७.१ शी सुसंगत असा पर्याय निवडा आणि तयार झालेल्या डीएनजी फाइली सीएस६ मध्ये उघडा. आयफोनवरून आलेल्या एचईआयसी फाइलींसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन आणि एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन ही दोन्ही घ्यावीत, किंवा ग्राहकालाच जेपीईजी पाठवायला सांगावे. दुसरा मार्ग सोपा आहे.

९. प्रिंटर आणि स्कॅनर

जुना स्कॅनर असेल तर त्याचा ३२ बिट ट्वेन ड्रायव्हर (फोटोशॉपमधून थेट स्कॅन करू देणारा) ६४ बिट फोटोशॉपच्या इम्पोर्ट मेनूत दिसणार नाही. स्कॅनरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने टिफमध्ये स्कॅन करा आणि फाइल फोटोशॉपमध्ये उघडा. प्रिंटरच्या बाबतीत रंगांचे नियंत्रण फोटोशॉप आणि प्रिंटर या दोघांपैकी एकाकडेच ठेवा. दोघांकडे ठेवले की चेहरे तांबडे येतात आणि बिचाऱ्या शाईला बोल लागतो.

१०. फोटोशॉपशिवाय काम भागते का?

नवख्यांनी हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी स्वतःला विचारावा. जिम्प मोफत आहे. तिची २.१० ही मालिका विंडोज ७ वरही चालते आणि मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० ही आवृत्ती विंडोज १० पासून पुढे चालते. युनिकोड मराठीची जोडणी ती बिनचूक करते. या एका बाबतीत जुन्या फोटोशॉपपेक्षा ती सरस आहे. पीएसडी उघडते, पण लेअरवरचे सगळे इफेक्ट जसेच्या तसे येतील अशी अपेक्षा ठेवू नका. पूर्ण सीएमवायके पद्धतीत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) काम करण्याची सोय तिच्यात नाही, म्हणून ऑफसेट छपाई करणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. अल्बमच्या बहुतेक लॅब एसआरजीबी (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतल्या) जेपीईजी घेतात. तुमची लॅब काय घेते ते तिलाच विचारा.

फोटोपी हे ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर आहे. काही बसवावे लागत नाही, पीएसडी उघडते, फाइल तुमच्याच संगणकावर राहते. दुकानातला संगणक बंद पडला आणि पासपोर्टसाठी माणूस समोर उभा असला, तर शेजारच्या संगणकावर तेवढे काम निभावते. मोठी शीट मात्र त्यावर घेऊ नका.

११. बदल केव्हा करावा आणि तपासणी कशी करावी

तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत उसंत मिळत नाही. त्या काळात विंडोज बदलू नका, फोटोशॉपचे मोठे अपडेटही घेऊ नका. सवड असते ती आषाढ-श्रावणात. बदल तेव्हाच करावा, आणि एका वेळी एकच. विंडोज बदलली तर जुनेच फोटोशॉप काही दिवस तिच्यावर चालवून पाहा. ते स्थिरावल्यावर फोटोशॉप बदला. म्हणजे काही बिघडले तर दोष कोणाचा, हे शोधत बसावे लागत नाही.

तपासणीसाठी नवी कोरी फाइल घेऊ नका. मागच्या हंगामातील सर्वांत जड शीट उघडा. तिच्यावरची मराठी नावे वाचा, एक नाव बदलून पाहा, नेहमीची ॲक्शन चालवा, एक रॉ फाइल तिच्यात आणा, जेपीईजी काढा आणि ४ बाय ६ वर पासपोर्टचे आठ फोटो छापून जुन्या प्रिंटशेजारी धरा. हे सगळे नीट पार पडले तरी जुनी डिस्क पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवा, आणि नव्या यंत्रावर केलेला पहिला अल्बम लॅबमधून छापून आल्यावरच ती दुसऱ्या कामाला घ्या.